काळीवर शेड उभारताना

जुन्या गावगाड्यात जमिनीला दोन नावे होती. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची ती काळी. घरे पांढरीवर असत, काळी नांगरासाठी राखलेली असे. आज अवजारे, पाइप आणि खताच्या गोण्या ठेवायला जी दहा बाय बारा फुटांची पत्र्याची शेड उभी राहते, ती मात्र विहिरीजवळ, बांधालगत किंवा गावाबाहेरच्या प्लॉटवर, म्हणजे थेट काळीवर. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर दुसरी जागा सहसा नसतेच. मग जमीन सपाट करून तिच्यावर चार इंच काँक्रीट ओतले जाते. काही पावसाळ्यांत त्याला तडे जातात, एक कोपरा उचलला जातो, दार चौकटीत अडकू लागते. दोष गवंड्याला किंवा सिमेंटला दिला जातो. खरे तर दोष बहुतेक वेळा खालच्या मातीचा असतो, म्हणून कमी पैशांत शेड उभारणाऱ्याने पहिला रुपया सिमेंटवर खर्च न करता माती बदलण्यावर आणि पाणी दूर नेण्यावर करावा.

काळी माती हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा झिजून झालेला चुरा. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याच्या कणांचे पापुद्रे पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर काँक्रीटची लादी टाकली की कडेची माती पावसात भिजून फुगते, मधली मात्र लादीखाली कोरडी राहते. कडा वर, मध्य खाली, अशी ओढाताण सुरू होते. पुढे लादीखालची ओल वर निघून जायला वाट उरत नाही आणि मध्यही फुगू लागतो. मोठे घर निदान आपल्या वजनाने ही माती काही प्रमाणात दाबून धरते. पत्र्याची शेड इतकी हलकी, की तिला उचलायला मातीला कष्टच पडत नाहीत. कालव्यांच्या अस्तरांना हाच त्रास होई. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले, की न फुगणाऱ्या पण एकजीव बसणाऱ्या, मुरमासारख्या मातीचा पुरेसा जाड थर मध्ये घातला तर खालच्या काळीचे फुगणे आवरता येते. कालव्यासाठी हा थर सुमारे मीटरभर लागतो. शेडला तेवढा परवडणार नाही. पण पातळ थरानेही हालचाल कमी होते, आणि जी उरते ती सोसणारी जमीन वर करता येते.

हिशेब करून पाहू. शेडच्या चारही बाजूंना फूटभर जास्त धरून बारा बाय चौदा फुटांची जागा आखावी, नऊ इंच काळी काढावी आणि मुरूम भरत जमिनीच्या वर नऊ इंच जोते आणावे. हा भराव अडीच ब्रासचा होतो. चोपल्यावर बसणारी घट धरून तीन ब्रास मुरूम मागवावा. काळी दीड-दोन फुटांवरच संपत असेल तर ती पूर्ण काढलेली उत्तम. काढलेली माती परसबागेत पसरावी, वाया काहीच जात नाही. मुरूम भिजवून मुठीत दाबून पाहावा. मळलेल्या कणकेसारखा चिकटला तर तो घेऊ नये. कुठे विहिरीचे खोदकाम चालू असेल तर चांगला मुरूम जवळच मिळू शकतो, मात्र तो गौण खनिजात मोडत असल्याने तहसीलच्या परवानगीची चौकशी आधी करावी. भराव एकदम न टाकता सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. आळस होतो तो इथेच. सैल भरलेला मुरूम काळीतल्या खड्ड्यात हौदासारखा पाणी धरतो आणि ते पाणी सावकाश खालच्या मातीला पाजतो. नुसती वाळू भरली तर आणखी वाईट. म्हणूनच जोते जमिनीच्या वर हवे, त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि पत्र्यावरून पडणारे पाणी वाहून नेणारा चर हवा. वर खडीच्या बारीक कचीवर शहाबादी फरशी सिमेंटशिवाय मांडावी. एखादी खचली तर पहारीने उचलून खाली कच सारता येते. लादीला तडा गेला की तिथे अशी दुरुस्ती होत नाही.

यावर कोणी म्हणेल, वळवाच्या वाऱ्यात शेड उडाली तर? भीती खरी आहे, पण त्यासाठी सगळी जमीन काँक्रीटची करण्याची गरज नाही. काँक्रीट फक्त खांबांच्या खड्ड्यांत घालावे. खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्यावा आणि तळाशी रुंद करावा, म्हणजे माती फुगली तरी खांब सहज वर निघत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या, तळाशी फुगीर कंद असणाऱ्या पायाच्या खांबांमागे हाच विचार आहे. उंदीर फरशीच्या फटीतून बिळे करतात, हा आक्षेपही खोटा नाही. धान्य साठवायचे असेल, जनावरे बांधायची असतील किंवा जड यंत्र बसवायचे असेल, तर मी काँक्रीटच सुचवीन. दहा बाय बाराच्या चार इंची लादीला साधारण सात गोण्या सिमेंट, शिवाय खडी, वाळू आणि मजुरी लागेल. मात्र तीही याच चोपलेल्या मुरमावर ओतावी. मुरमाचा खर्च वाचवून थेट काळीवर टाकलेली लादी सर्वांत महाग पडते, कारण ती फोडायलाही पैसे लागतात.

उरतो प्रश्न वेळेचा. बहुतेक शेडी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर घाईने उभ्या राहतात. त्या वेळी काळी पूर्ण आक्रसलेली असते, म्हणजे तिचे सगळे फुगणे पुढ्यात असते. पावसाळा संपून वाफसा आल्यावर, भेगा पडण्याआधी हे काम करावे. तेव्हा मातीत आधीच ओल असते, खोदाई सोपी जाते आणि मुरूम चोपायला पाणीही कमी लागते. शेड बांधायचे मनात असेल तर पत्र्याचा भाव विचारण्याआधी जागेच्या एका कोपऱ्यात दोन फूट खड्डा घ्या आणि काळी कुठे संपते ते पाहा.