स्तन्यक्षयात अंगावरची पूरक-नळी : अर्भकाचे पोषण आणि स्तन्याचा प्रवाह, दोन्हींचा सांभाळ

स्तन्य हा रसधातूचा उपधातू होय. मातेचा आहार, तिचा अग्नी व तिचे मन या तिन्हींवर त्याची उत्पत्ती अवलंबून असते, हे आपणा सर्वांस विदित आहे. सुश्रुताचार्यांनी स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांना अग्रस्थान दिले. अर्भकाच्या स्पर्शाने, दर्शनाने व स्मरणानेही स्तन्य प्रवर्तित होते, असे निदानस्थानात सांगितले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र हीच गोष्ट प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन या संप्रेरकांच्या भाषेत मांडते. बाळ चोखते तेव्हा प्रोलॅक्टिन वाढून दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. स्तनात दूध साचून राहिले, तर पुढील निर्मिती मंदावते. बाळाने चोखणे हा स्तन्यजननाचा पहिला उपाय ठरतो, तो यामुळेच.

येथेच वैद्यापुढे पेच उभा राहतो. दूध कमी म्हणून बाळाला बाटली दिली, तर बाळ अंगावर कमी चोखते व दूध आणखी घटते. बाटली न देता केवळ शतावरीवर विसंबून आठ दिवस वाट पाहिली, तर तेवढ्यात अर्भक सुकते. या दोहोंतून मार्ग काढणाऱ्या एका साध्या उपायाचा परिचय आपल्या व्यवसायबंधू-भगिनींना करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम निदान

अंबरनाथ व बदलापूर यांच्या मधोमध असलेल्या चिखलोलीचे रूप पालटत आहे. जुन्या गावाशेजारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतील अनेक घरांत नवरा पहाटेची लोकल गाठतो आणि माहेराहून परतलेली बाळंतीण दिवसभर बाळासह एकटी असते. संध्याकाळी बाळ रडू लागले की ‘दूध पुरत नाही’ हा निष्कर्ष शेजारपाजारचे काढून मोकळे होतात. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याकडे ही तक्रार येते. तिच्यातील खरा स्तन्यक्षय कोणता आणि केवळ शंका कोणती, हे आधी ठरविले पाहिजे.

संध्याकाळचे रडणे, काही आठवड्यांनी स्तन मऊ लागणे किंवा बाळाने दोन-दोन तासांनी मागणे ही स्तन्यक्षयाची लक्षणे नव्हेत. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणे हे प्राकृतच आहे. खरी कसोटी वजनाची व मूत्रप्रवृत्तीची. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, परंतु साधारण 10 ते 14 दिवसांत ते जन्मवजनावर परत यावे. त्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सुमारे 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळाने दिवसाकाठी निदान सहा वेळा, फिकट रंगाची लघवी करावी. वजनकाटा चिकित्सालयात नसेल, तर अंगणवाडीत तो उपलब्ध असतो. काट्यावर नोंद केल्याखेरीज स्तन्यक्षयाची चिकित्सा आरंभू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

वजन खरोखरच वाढत नसेल, तर पाजण्याची पद्धत पाहावी. बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र न राहता भोवतालचा काळसर भागही पुरेसा गेला पाहिजे. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास बाळाला नीट चोखता येत नाही. मातेकडे अवटु ग्रंथीची मंदता, गर्भाशयात राहिलेला वारेचा अंश, प्रसूतिसमयीचा अतिरक्तस्राव, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या ही कारणे शोधावीत. यांपैकी कित्येक कारणे केवळ स्तन्यजनन द्रव्यांनी हटणारी नाहीत.

पूरक-नळी म्हणजे काय?

सहा महिन्यांनंतरच्या ‘पूरक आहारा’शी या नळीचा गोंधळ करू नये. ही एक बारीक, मऊ नळी असते. तिचे एक टोक दुधाच्या वाटीत बुडते व दुसरे स्तनाग्राशी टेकते. बाळ अंगावर चोखू लागले की स्तनातील जे काही दूध असेल ते आणि वाटीतले दूध, अशी दोन्ही त्याच्या मुखात एकाच वेळी येतात. बाळाचे पोट भरते, आणि त्याच्या चोखण्याने स्तनालाही निर्मितीची आज्ञा मिळत राहते.

परदेशात यासाठी तयार साधने मिळतात. अमेरिकेत ‘लॅक्ट-एड’ नावाचे साधन 1970च्या दशकापासून प्रचारात आहे. आपल्याकडे त्यावाचून अडत नाही. औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळणारी अर्भकांची फीडिंग ट्यूब आणि स्वयंपाकघरातील वाटी एवढ्यावर काम भागते. जागतिक आरोग्य संघटनेने आटलेले स्तन्य पुन्हा आणण्याविषयी 1998 साली काढलेल्या पुस्तिकेत ही पद्धत वर्णिली आहे. तीव्र कुपोषित लहान अर्भकांच्या उपचारातही तिचा अवलंब केला जातो.

प्रत्यक्ष कृती

पहिल्या खेपेस प्रशिक्षित परिचारिका, स्तनपान-सल्लागार किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली हे शिकावे. हात स्वच्छ धुऊन नळी स्तनावर चिकटपट्टीने हलकेच बसवावी. तिचे टोक स्तनाग्राच्या शेवटापर्यंत यावे. बाळाला स्तनाशी घेताना स्तनाग्र, भोवतालचा भाग व नळी ही सर्व एकत्रच मुखात जावीत. वाटी आरंभी स्तनाग्राच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली धरावी. वाटी वर नेली की प्रवाह वाढतो, खाली नेली की मंदावतो. दूध फार वेगाने येऊन बाळाला ठसका लागत असेल, तर वाटी खाली घ्यावी किंवा नळी चिमटीत धरावी. बाळाची शक्ती वाढेल तशी वाटी क्रमाने 30 सेंटिमीटरपर्यंत खाली न्यावी, म्हणजे त्याला चोखण्याचा श्रम घेणे भाग पडते. वाटी स्तनाच्या वर कदापि धरू नये. पहिले एक-दोन दिवस माय-लेकरू दोघेही गोंधळतात. त्या काळात जवळ एखादी धीराची स्त्री असणे मोलाचे.

पाजून झाल्यावर नळीतून सिरिंजने स्वच्छ पाणी सोडावे, नळी झटकून आतले पाणी काढावे व शक्य असल्यास ती उन्हात वाळवावी. नळी कडक किंवा गढूळ दिसू लागताच टाकून द्यावी. वाटी उकळून घ्यावी.

जे बाळ अंगाला लागण्यासच तयार नसते, त्याला स्तनावर ड्रॉपरने वरून थेंब-थेंब दूध सोडून गोडी लावता येते. अगदी अशक्त बाळास वाटी-चमच्याने पाजावे. आपल्या आजी-पणजींचे बोंडले हे त्याच कुळातले. निर्मळ ठेवल्यास तेही बाटलीहून बरे.

नळीतून काय द्यावे?

सर्वांत श्रेष्ठ म्हणजे मातेनेच हाताने पिळून काढलेले दूध. दुसरा पर्याय मातृदुग्ध-पेढीतील निर्जंतुक दुधाचा. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली अशी पेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. परंतु पेढीचे दूध प्रामुख्याने रुग्णालयात दाखल असलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी असते. घरी असलेल्या बाळाला बहुधा बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, मोजून तयार केलेले डब्याचे दूधच द्यावे लागते. डब्यावरील प्रमाणात जास्त पाणी घालून ते पुरविण्याचा मोह घातक आहे.

स्तन्याच्या अभावी बकरीचे वा गाईचे दूध द्यावे, असे ग्रंथवचन आहे. ज्या काळी दुसरा पर्याय केवळ धात्रीचा होता, त्या काळाचा तो विवेक. आज सहा महिन्यांच्या आतील अर्भकास तसेच प्राणिज दूध देऊ नये, असे बालरोगशास्त्र सांगते, आणि ते मानण्यात शास्त्राचा उपमर्द होत नाही. नळीतून मध, साखरपाणी किंवा बाळगुटीही देऊ नये.

1992च्या कायद्याने, व 2003 साली त्यात झालेल्या दुरुस्तीने, डब्याच्या दुधाची व बाटल्यांची जाहिरात निषिद्ध ठरविली आहे. आवश्यक तेथे दूध लिहून देणे वेगळे आणि चिकित्सालयात त्याचा फलक लावणे वेगळे, हे भान आपण सर्वांनी राखावे.

आपल्या चिकित्सेचे स्थान

नळी ही शतावरीची वैरीण नव्हे. चरकाचार्यांनी स्तन्यजनन महाकषायात वीरण, शाली, षष्टिक, दर्भ, कुश, काश इत्यादी दहा द्रव्ये सांगितली. सुश्रुताचार्यांनी विदारीकंद व शतावरी यांच्याही आधी सौमनस्याचा उल्लेख केला. हा क्रम मननीय आहे. बाळ भुकेने रडत असता मातेचे मन प्रसन्न राहणे शक्य नाही. नळीने बाळाचे पोट भरते, ते अंगावरच झोपी जाते, आणि ‘माझ्या बाळाला मी पाजते’ हा विश्वास मातेच्या ठायी परत येतो. त्या सौमनस्याच्या भूमीवर क्षीरपाक, अळिवाची खीर, तांदळाची पेज व पुरेशी निद्रा यांचा गुण दिसण्याची आशा धरता येते. दत्तक बाळाला अंगाशी घेऊ इच्छिणाऱ्या मातेलाही हाच मार्ग उपयोगी पडतो. दूध थोडेच आले, तरी वात्सल्यात उणे राहत नाही.

वजन समाधानकारक वाढू लागले की पूरक दूध टप्प्याटप्प्याने कमी करावे व प्रत्येक टप्प्यावर वजन पाहावे. काही मातांची नळी काही आठवड्यांत सुटते. काहींना ती महिनोन्महिने लागते. ज्यांच्या स्तनातील ग्रंथींची वाढच अपुरी आहे, त्यांना पूर्ण दूध येईल असे आश्वासन देऊ नये. येते तेवढे स्तन्यही अमूल्यच आहे, हे मात्र जरूर सांगावे.

विलंब कोठे नको?

बाळ सुस्त आहे, चोखण्यासाठी जागे होत नाही, तोंड कोरडे आहे, लघवी अत्यल्प वा विटकरी रंगाची आहे, कावीळ वाढत आहे, वजन जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक उतरले आहे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. दोन आठवड्यांनीही बाळ जन्मवजनावर आले नसेल, तरी तसेच करावे. नवजात अर्भकाच्या बाबतीत आठ दिवस हा अवधी फार मोठा असतो.

वजनकाटा, स्वच्छ नळी, एक वाटी आणि मातेला धीर देणारे चार शब्द एवढी सिद्धता प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात असावी, अशी आमची विनंती आहे. यामुळे बाळाचे पोषण अखंड राहील आणि स्तन्यजनन चिकित्सेला आपले कार्य करण्यास अवसर लाभेल.