सायकल अंगाला बसवून घेणं: काही पक्के गैरसमज

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक सीटवर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: पाय टेकतात ना? दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले की दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश, आणि सायकल घरी जाते. दोन-तीन महिन्यांत गुडघा कुरकुरायला लागतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, या वयात कशाला हवेत हे उद्योग, आणि मग सायकल गॅलरीत धूळ खात पडते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या अनेकांच्या गुडघ्यात मुळात काही बिघडलेलं नसतं. सीट खाली असते, एवढंच.

चालवणाऱ्याच्या शरीराप्रमाणे सायकल लावून घेण्याला आता आपल्याकडेही ‘बाइक फिट’ म्हणतात. पुणे, मुंबई, बंगळुरूत हे काम शिकून करणारे फिटर आहेत, त्यातले काही मूळचे फिजिओथेरपिस्ट. तरीही हे खूळ शर्यतीवाल्यांचं आणि लाखभराच्या सायकलवाल्यांचं, अशी समजूत आहे. हिशेब करून पाहा. मिनिटाला 80 फेऱ्या या गतीने पेडल मारलं तर तासाला 4,800 फेऱ्या होतात. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. कुणी दहा तास पेडल मारलं तर प्रत्येक गुडघा 48,000 वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट सेंटिमीटरभर चुकलेली असेल तर ती चूक तितक्याच वेळा होते. शर्यतीतला तरुण खेळाडू लवचिक असतो, त्याच्या मागे प्रशिक्षक असतो. दिवसभर खुर्चीत बसून रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला नीट बसलेल्या सायकलची गरज त्याच्याहून जास्त आहे.

‘बसल्या जागी पाय टेकले पाहिजेत’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हा, म्हणून आधी त्याचंच गणित. रोड किंवा हायब्रीड सायकलचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्याभोवती फिरतो तो मधला भाग, जमिनीपासून साधारण 27 सेंटिमीटर उंच असतो. क्रँक साधारण 17 सेंटिमीटर लांब. म्हणजे पेडल सगळ्यात खाली आलं तरी ते जमिनीपासून सुमारे 10 सेंटिमीटर वर राहतं. तळवा जमिनीवर सपाट टेकेल इतकी सीट खाली घेतली, तर पेडल मारताना पाय कधी लांब होतच नाही. गुडघा सतत जास्त वाकलेला राहून जोर लावतो, गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं.

पेडल तळाशी असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक राहावा, हे माप आज बहुतेक फिटर धरतात. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश, तिथून मोजायचं. घरी याचा अंदाज घेता येतो. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, पेडल तळाशी न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ होत असेल तर उंची जवळपास बरोबर आहे. टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो. चाळीतल्या जुन्या काळ्या सायकललाही हे लागू आहे, तिथे लागतो फक्त एक पाना.

सीट वर घ्यायची तर थांबायचं कसं? सिग्नलला सीटवरून पुढे सरकून, दांडीच्या वर उभं राहून एक पाय टेकायचा. याची सवय दोन दिवसांत होते. नवशिका, लहान मूल किंवा गर्दीच्या रस्त्याची भीती वाटणारी व्यक्ती असेल तर सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त धीर आल्यावर ती वर घेण्याची आठवण ठेवायला हवी.

उलट टोकही असतं. उत्साहात सीट फार वर घेतली की कंबर दर फेरीला डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखतं. आपल्याला स्वतःचं झुलणं दिसत नाही, मागून येणाऱ्या मित्राला लगेच दिसतं. त्याला विचारावं.

‘सूत्र आहे ना, मग फिटर कशाला?’

सूत्रं आहेत, आणि त्यांचा इतिहासही चांगला आहे. 1967 मध्ये ब्रिटनमधल्या हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी सीटची उंची तळाशी असलेल्या पेडलपासून मोजून ती पायाच्या आतल्या मापाच्या 109 टक्के ठेवावी असं मांडलं. पायाचं आतलं माप म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचं अंतर. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जांघेत एक जाडसर पुस्तक घट्ट धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. पुढे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांची पद्धत सायकलपटू ग्रेग लमाँड यांच्यामुळे जगभर पसरली: हेच माप गुणिले 0.883, आणि येणारी उंची बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. 80 सेंटिमीटरच्या पायाला 70.6 सेंटिमीटर.

आता या दुसऱ्या सूत्रात काय काय धरलेलं नाही ते पाहा. क्रँक 165 मिलिमीटरचा आहे की 175 चा, हे त्याला ठाऊक नाही; त्या एका फरकाने सीट आणि पेडल यांतलं अंतर सेंटिमीटरभर बदलतं. बुटाचा तळ किती जाड आहे, पाऊल किती लांब आहे, पेडल मारताना टाच वर राहते की खाली जाते, मांडीच्या मागचे स्नायू किती आखडलेले आहेत, यातलं काहीच त्यात येत नाही. विल्यम पीव्हेलर या अमेरिकी संशोधकाने सायकलपटूंवर या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा पायाच्या मापावरून काढलेली उंची पुष्कळदा 25 ते 35 अंशांच्या बाहेर जाते असं आढळलं. सूत्र सुरुवातीला घ्यावं, शेवटचा शब्द त्याला देऊ नये.

ओळंब्याचंही तसंच. क्रँक आडवा असताना पुढच्या गुडघ्यापासून ओळंबा सोडला तर तो पेडलच्या आसावर पडला पाहिजे, हा नियम अजून कित्येक ठिकाणी शिकवतात. सायकली बनवणारे कीथ बाँट्रेगर यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. पेडलवरच्या जोराचा गुरुत्वाकर्षणाच्या उभ्या रेषेशी असा काही खास संबंधच नाही, नाहीतर पाठीवर रेलून चालवायच्या रिकम्बंट सायकली चालल्याच नसत्या. सीट पुढे-मागे किती हवी हे ठरवताना अनुभवी फिटर वजनाचा तोल पाहतो. हँडलवरचे हात क्षणभर अलगद उचलले तर धड पुढे कोसळतं का? कोसळत असेल तर तुमचे तळहात आणि खांदे नको तेवढा भार वाहत आहेत.

‘सीट जितकी मऊ तितकी चांगली’

टोचतं म्हणून जेलचं कव्हर घ्यायचं, मग त्यावर अजून एक. पहिली वीस मिनिटं खरंच बरं वाटतं, म्हणून हा समज टिकून आहे.

आपण बसतो तेव्हा भार घ्यायला ओटीपोटाच्या हाडाची दोन टोकं असतात. कठीण बाकावर बसून पुढे-मागे डोललं की ती जाणवतात. चांगल्या सीटचं काम या दोन हाडांना आधार देणं. फार मऊ गादीत ही हाडं रुततात, मधली गादी वर येते आणि भार हाडांवरून सरकून मधल्या नाजूक भागावर पडतो. तिथून जांघेतली नस आणि रक्तवाहिन्या जातात. बधिरपणा तिथूनच येतो. म्हणून सीटच्या रुंदीला मऊपणापेक्षा जास्त महत्त्व आहे, आणि म्हणूनच फिटर तुम्हाला आधी फोमच्या तुकड्यावर बसवून हाडांच्या ठशांमधलं अंतर मोजतो. किती वाकून चालवणार यावरही रुंदी ठरते: ताठ बसणाऱ्याला रुंद सीट लागते, हँडलवर वाकणाऱ्याला अरुंद.

बायकांसाठी ‘लेडीज सीट’ म्हणून जी एकच रुंद, फुगीर सीट पुढे केली जाते तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. बायकांच्या या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं हे खरं, पण माणसामाणसांतला फरक त्या सरासरीहून कितीतरी मोठा आहे. कित्येक बायकांना अरुंद सीट लागते, कित्येक पुरुषांना रुंद. जांघेतल्या दुखण्याबद्दल संकोचाने न बोलता बायका सायकल सोडून देतात. फिटरला हे सांगण्यात कसलाही संकोच नसावा, आणि ऐकून घेता येत नसेल तर तो फिटर योग्य नाही.

‘दुखणारच, सवय होईल’

पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येणं, बैठकीला थोडं हुळहुळणं ठीक. मुंग्या येणं आणि बधिर होणं ही सवयीची गोष्ट नाही, तिथे नस दाबली जात असते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर मनगटाजवळची अल्नर नस हँडलवर चेपते आहे. हँडल फार लांब किंवा फार खाली असणं, सीटचं नाक खाली झुकलेलं असणं, ही त्याची नेहमीची कारणं. सीटचा कोन एक-दोन अंशांनी बदलूनही कधी कधी आराम पडतो.

टोकाला काय होऊ शकतं याचं नाव सायकलच्या जगात प्रसिद्ध आहे: ‘शर्मर्स नेक’. 1983 च्या रेस अक्रॉस अमेरिकेत मायकल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरवेना. सुमारे 4,800 किलोमीटरची ही शर्यत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ती पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने. अशा अंतरांना उतरणारे लोक हँडल किती वर हवं यावर फार काळजीपूर्वक विचार करतात. आपल्याकडे मात्र टीव्हीवर टूर द फ्रान्स पाहून स्टेमखालच्या, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याखालच्या, सगळ्या चकत्या काढून हँडल तळाला नेणारे भेटतात. त्या खेळाडूंची कंबर आणि मांडीचे स्नायू वर्षानुवर्षं त्यासाठी घडलेले असतात.

फिट म्हणजे उपचार नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. सायकलवरून उतरल्यावरही राहणारं दुखणं, सूज, रात्रीची कळ यासाठी डॉक्टरकडेच जायचं.

‘क्रँक लांब, तर जोर जास्त’

तरफेचं तत्त्व शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे हे पटतं. जिम मार्टिन आणि वनीन स्पिरडुसो यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 120 पासून 220 मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून पाहिले, आणि इतक्या प्रचंड फरकानेही कमाल शक्तीत फरक पडला तो जेमतेम 4 टक्क्यांचा. आखूड क्रँकने गुडघा आणि जांघ वरच्या टोकाला कमी दुमडते, पोट मांडीवर दाबलं जात नाही. व्यावसायिक सायकलपटू तादेय पोगाचारसुद्धा 2024 मध्ये 165 च्या क्रँकवर आला. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्यांना 170 चे क्रँक गळ्यात मारले जातात, त्यांनी हे दुकानात जरूर विचारावं. क्रँक 5 मिलिमीटर आखूड केला की सीट तेवढीच वर घ्यायची, हे विसरू नये.

‘उंची सांगा, साइज सांगतो’ आणि ‘एकदा केलं की झालं’

एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं; दोघांना एकच फ्रेम कशी बसेल? शिवाय एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा निघतो. चुकीच्या मापाची फ्रेम स्टेम बदलून थोडी सावरता येते, पूर्ण नाही. म्हणून फिटरकडे सायकल विकत घेण्याआधी जाणं सगळ्यात शहाणपणाचं, हवी तशी लांब-आखूड करता येणाऱ्या सायकलवर बसवून तो माप काढून देतो.

फिटर कॅमेरे आणि सेन्सर वापरतो म्हणून तो चांगला ठरत नाही. जुनी दुखापत, कामाचं स्वरूप, किती अंतर चालवता हे तो आधी विचारतो का? टेबलावर झोपवून पाय उचलून पाहतो का, दोन्ही पायांच्या लांबीतला फरक तपासतो का? बदल थोडे थोडे करतो का? या प्रश्नांची उत्तरं मशीनच्या किमतीपेक्षा जास्त सांगून जातात.

आणि शरीर बदलतं. एडी मर्क्स यांचा 1969 मध्ये ब्लवाच्या व्हेलोड्रोमवर भीषण अपघात झाला, ओटीपोटाचं हाड जागचं हललं. त्यानंतर ते आयुष्यभर सीटची उंची बदलत राहिले, भर शर्यतीतसुद्धा. जगातल्या सर्वांत मोठ्या सायकलपटूला जुनं माप पुरलं नाही. बाळंतपण, शस्त्रक्रिया, वजनात मोठा फरक, नवे बूट किंवा नवी सीट, यानंतर पुन्हा तपासून घ्यावं. नव्या मापाला दोन-तीन आठवडे द्यावेत, त्या काळात लांबचा पल्ला टाळावा.

फिट करून घेतलीत की सगळी मापं लिहून मागा: सीटची उंची, तिचा कोन, सीटच्या नाकापासून हँडलपर्यंतचं अंतर, क्लीटची (बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीची) जागा. सीटपोस्टवर फ्रेमच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा. सर्व्हिसिंगला दिलेली किंवा ट्रेनमधून नेण्यासाठी खोलून बांधलेली सायकल पुन्हा जोडताना सीट हमखास दोन बोटं खाली जाते.