सहातले पाच नमुने खोटे असतील तर? एका क्युरेटरचं संशोधन

संशोधनाची तयारी करताना आपल्याला एक क्रम शिकवला जातो: विषय, प्रश्न, डेटा, विश्लेषण, निष्कर्ष. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. डेटा बाहेर कुठेतरी तयार पडलाय, आपण फक्त नीट पद्धतीने तो उचलायचा. आता समजा, तुमच्या दर सहा नमुन्यांपैकी पाच नमुने कुणीतरी पैशासाठी मुद्दाम बनवून आत सोडलेले आहेत. कुठले पाच, ते माहीत नाही. आणि ज्याला विचारता आलं असतं तो माणूस मेलाय. मग?

हा प्रश्न प्रयोगशाळेतला नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधल्या लॉइड गुडरिच (1897–1987) या क्युरेटरचा तो अनेक वर्षांचा उद्योग होता. माझी पार्श्वभूमी विज्ञानाची, त्यामुळे कलेच्या इतिहासातलं संशोधन म्हणजे चित्रासमोर उभं राहून सुंदर वाक्यं लिहिणं, असं बरीच वर्षं वाटायचं. गुडरिचचं काम वाचलं की हा समज टिकत नाही.

आधी क्युरेटर म्हणजे कोण, ते बघू. आपल्याकडे सरकारी कागदावर याला अभिरक्षक म्हणतात, पण त्या शब्दातून राखणदाराचं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात कुठली कलाकृती संग्रहात घ्यायची, ती अस्सल आहे का, आजवर कुणाकुणाच्या मालकीची होती, तिची अवस्था कशी आहे, प्रदर्शनात कुठल्या चित्राशेजारी ती लावायची, बाजूच्या पाटीवर काय लिहायचं, हे सगळं क्युरेटर ठरवतो. आज अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयात हे पद हवं असेल तर बहुधा कलेतिहासात पीएचडी लागते, मग फेलोशिप, मग सहायक क्युरेटर, असा जिना चढावा लागतो. गुडरिचच्या वेळी हा जिनाच नव्हता. तो आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकला, चित्रकार होणं सोडून दिलं, प्रकाशन संस्थेत नोकरी केली आणि 1920च्या दशकात 'द आर्ट्स' या मासिकात लिहायला लागला. 1930 मध्ये व्हिटनी म्युझियम स्थापन झालं आणि तो तिथे गेला. पुढे क्युरेटर, सहयोगी संचालक आणि 1958 ते 1968 संचालक.

त्या काळात अमेरिकन चित्रकला हा अभ्यासाचा विषय आहे असं फारसं कुणी मानत नसे. कला म्हणजे युरोप. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या श्रीमंत शिल्पकर्तीने 1929 मध्ये पाचशेहून जास्त अमेरिकन कलाकृतींचा आपला संग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊ केला तेव्हा त्यांनी तो नाकारला. म्हणून तिने स्वतःचंच संग्रहालय काढलं. म्हणजे गुडरिचला जे क्षेत्र मिळालं तिथे लिटरेचर रिव्ह्यू करायला पुरेसं लिटरेचरच नव्हतं. होमर, एकिन्स, रायडर ही एकोणिसाव्या शतकातली मोठी नावं. पण कुणी नेमकी किती चित्रं काढली, ती आज कुठे आहेत, याची भरवशाची यादी नाही.

यातलं सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे अल्बर्ट पिंकम रायडर (1847–1917). समुद्र, चांदणं, होड्या. छोटी, गडद, स्वप्नासारखी चित्रं. एकेका चित्रावर तो वर्षानुवर्षं काम करायचा. चित्रांवर तारीख टाकत नसे, सहीही क्वचितच. खालचा थर ओला असतानाच वर दुसरा थर, मध्येच वॉर्निश, त्यात डांबरासारखे कधीच नीट न वाळणारे पदार्थ. परिणामी चित्रं काळवंडली, त्यांना खोल भेगा पडल्या. चित्रकार म्हणून हा हलगर्जीपणा, पण नकला करणाऱ्यांसाठी सोन्याची खाण! गडद पार्श्वभूमी, एक पिवळट चंद्र, एक शीड, वर थोड्या कृत्रिम भेगा: झालं रायडरचं चित्र तयार. त्याच्या हयातीतच नकला सुरू झाल्या आणि मृत्यूनंतर त्यांचा पूर आला. अस्सल चित्रं दोनशेच्या आत आणि बनावट हजाराच्या आसपास, असा अंदाज नेहमी दिला जातो. सुरुवातीचा सहातले पाच हा आकडा इथूनच आला.

आता यातली खरी अडचण बघा. एखादं चित्र रायडरचं आहे का, हे तुम्ही ठरवणार कशावरून? त्याच्या शैलीवरून. शैली कशी कळली? त्याची चित्रं बघून. पण ती चित्रं अस्सल आहेत हे कुणी सांगितलं? म्हणजे उपकरण ज्या स्टँडर्डवर कॅलिब्रेट करायचं, ते स्टँडर्डच भेसळीचं. बनावट चित्रं जितकी जास्त छापली जातील, लटकवली जातील, तितकी लोकांच्या डोळ्यातली रायडरची शैली त्या नकलांकडे सरकत जाणार. मग पुढची नकल अजूनच अस्सल वाटणार. माझ्या मते बनावट चित्राचं मोठं नुकसान खरेदीदाराच्या पैशाचं नसतंच. मेलेल्या माणसाने काय केलं होतं, हेच त्यातून बदलत जातं.

गुडरिचने वाटा दोन्ही बाजूंनी काढली. एक बाजू कागदाची. रायडरच्या हयातीतच ज्यांनी थेट त्याच्याकडून किंवा ओळखीच्या दलालाकडून चित्रं घेतली, असे मोजके संग्राहक होते. थॉमस क्लार्क, विल्यम इव्हान्स, जॉन गेलाटली ही त्यातली नावं. गेलाटली रायडरला व्यक्तिशः ओळखायचा आणि त्याचा संग्रह 1929 मध्ये स्मिथसोनियनला गेला. अशा चित्रांचा मालकीचा इतिहास चित्रकारापर्यंत मागे नेता येतो. जुनी प्रदर्शनं, लिलावांच्या सूची, पत्रं, वर्तमानपत्रांतली वर्णनं हे सगळं जुळवलं की एक छोटा पण विश्वासाचा गट हाती लागतो. हे तुमचं स्टँडर्ड.

दुसरी बाजू क्ष-किरणांची. ब्रुकलिन म्युझियममध्ये शेल्डन केक नावाचा चित्रसंवर्धक होता. त्याच्याबरोबर गुडरिचने रायडरच्या चित्रांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. तत्त्व दवाखान्यातल्या एक्स-रेसारखंच. जुन्या चित्रकारांचा पांढरा रंग शिशाचा असे, आणि शिसं क्ष-किरण जोरात शोषतं. त्यामुळे वरच्या थरात काहीही असलं तरी खाली जिथे जिथे पांढरा वापरलाय, ते फिल्मवर उमटतं. विश्वासाच्या गटातल्या चित्रांमध्ये आत प्रचंड घडामोड दिसली. आकार हलवलेले, ढग पुन्हा बांधलेले, थरावर थर. बाजारातल्या संशयित चित्रांमध्ये मात्र आत जवळपास काहीच नाही. वरून गूढ आणि आतून सपाट. साहजिक आहे. नकल करणारा दिसणाऱ्या पृष्ठभागाची नकल करतो. दहा वर्षांच्या दुविधेची नकल करायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना कारण.

इथे एक सावधगिरी. एक्स-रे कधीच सांगत नाही की हे चित्र रायडरचं आहे. तो फक्त सांगतो की या चित्राची रचना विश्वासाच्या गटासारखी आहे किंवा नाही. गट चुकीचा निवडला असेल तर एक्स-रे कितीही स्पष्ट येऊ दे, उपयोग शून्य. शिवाय तिसरा प्रकार आहेच: चित्र रायडरचंच, पण नंतर दुसऱ्या कुणी डागडुजीच्या नावाखाली वरून रंगवलेलं. त्याला अस्सल म्हणायचं की नाही? याचं हो-नाही उत्तर नसतं, म्हणून नोंदीत 'शंकास्पद' हा कप्पा लागतो. आपल्याला प्रबंध लिहिताना हा कप्पा ठेवायला जाम भीती वाटते, हेही सांगून टाकतो.

पुढच्या पिढीने रायडरच्या चित्रांवर न्यूट्रॉन ऑटोरेडिओग्राफीही केली. चित्र अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या मंद झोतात ठेवायचं, की रंगातली काही मूलद्रव्यं तात्पुरती किरणोत्सारी होतात. मग वेगवेगळ्या वेळी फिल्म लावायची. तपकिरी अंबरमधल्या मँगनीजचा अर्धायुकाल अडीच तासांच्या आसपास, म्हणून ते पहिल्या दिवशी दिसतं. हाडांच्या काळ्या रंगातल्या फॉस्फरसचा चौदा दिवस, तो सगळं शांत झाल्यावर उमटतो. विज्ञानवाल्यांनी हा भाग जरूर खोलात वाचावा. कलेच्या संग्रहालयात भौतिकशास्त्राच्या लोकांना काम असतं, हे आपल्याकडे करिअरच्या व्याख्यानात कुणी सांगत नाही.

व्हिटनीमध्ये 1942 साली अमेरिकन आर्ट रिसर्च कौन्सिल सुरू झाली, गुडरिच तिचा प्रमुख. उद्देश अगदी रूक्ष: महत्त्वाच्या चित्रकारांच्या कामाच्या नोंदी एका जागी करणं आणि बनावट चित्रांच्याही नोंदी ठेवणं. हा दुसरा भाग मला फार आवडतो. नकल ओळखली आणि परत पाठवली, एवढ्यावर थांबलात तर ती पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या दारातून आत येते. आपण निगेटिव्ह रिझल्ट कपाटात टाकतो तेव्हा दुसरं काही होत नाही.

आता याच माणसाची दुसरी, जरा अडचणीची बाजू. फिलाडेल्फियाचा थॉमस एकिन्स 1916 मध्ये गेला. 'द ग्रॉस क्लिनिक' (1875) या शस्त्रक्रियेच्या चित्रासाठी तो आज ओळखला जातो. गुडरिचने त्याच्यावर काम सुरू केलं तेव्हा बालमित्र चित्रकार रेजिनल्ड मार्शने पैशांची मदत केली. एकिन्सची पत्नी सुझन तेव्हा हयात होती. गुडरिच तिला भेटला, विद्यार्थ्यांना भेटला, ज्यांची व्यक्तिचित्रं एकिन्सने काढली होती त्यांनाही भेटला. 1933 मध्ये पुस्तक आलं, सोबत चित्रांची क्रमवार सूची. त्या सूचीतले गुडरिच-क्रमांक आजही वापरात आहेत.

पण एकिन्सला 1886 मध्ये पेनसिल्व्हेनिया अकॅडमीतून राजीनामा द्यावा लागला होता. नग्न मॉडेलवरून झालेला वाद, अशी ती गोष्ट सांगितली जाई. 1980च्या दशकाच्या मध्यात एकिन्सचा विद्यार्थी चार्ल्स ब्रेग्लर याने जपून ठेवलेले कागद त्याच्या पत्नीकडून बाहेर आले. प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं होतं आणि आरोप घरातल्या माणसांपर्यंत पोचत होते, हे त्या पत्रांतून दिसलं. गुडरिचचा एकिन्सवरचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ आला होता 1982 मध्ये. म्हणजे पन्नास वर्षांच्या कामानंतर, आणि या कागदांच्या जेमतेम तीन वर्षं आधी.

2005 मध्ये हेन्री अ‍ॅडम्स या अभ्यासकाने तर थेट म्हटलं की गुडरिचने एकिन्सला नायक बनवण्यासाठी न पटणारे भाग गाळले. ही टीका मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पत्नीशी बोलून चरित्र लिहिलं की पत्नीची बाजू आत येणारच, आणि ज्याच्यावर आपण आयुष्य घालवतो त्याला सांभाळून घ्यायचा मोह होतोच. पण गंमत बघा. अ‍ॅडम्सला यातला बराचसा दारूगोळा कुठे मिळाला? गुडरिचच्याच मुलाखतींच्या टिपणांत. लोकांनी एकिन्सबद्दल सांगितलेल्या नकोशा गोष्टी त्याने पुस्तकात घेतल्या नाहीत, पण टिपून ठेवल्या होत्या, फाडल्या नाहीत. ती टिपणं आज फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहेत. तुमच्या फील्ड नोट्स किंवा लॅबबुक या नजरेने एकदा उघडून बघा: तुमच्याविरुद्ध पेपर लिहायला कुणाला त्या पुरतील का?

विन्स्लो होमरचं काम तर याहून लांबलं. होमरवर गुडरिचने 1924 मध्ये मासिकात लिहिलं, 1944 मध्ये पुस्तक काढलं, आणि पत्नी इडिथसोबत त्याच्या प्रत्येक ज्ञात चित्राची नोंद जमा करत राहिला. आकार, माध्यम, सही कुठे आहे, मालक कोण, आधीचे मालक कोण, कुठे दाखवलं गेलं. हे पुस्तकासारखं संपत नाही, कारण चित्रं विकली जातात, नवी सापडतात, जुनी खोटी ठरतात. त्याच्या मृत्यूनंतर अ‍ॅबिगेल बूथ गर्ड्ट्स हिने ते संपादित केलं, वाढवलं. पहिला खंड 2005 मध्ये छापून आला आणि पाचवा 2014 मध्ये.