बंदुकीची माशी आणि तिची दुरुस्ती

चांदमारीच्या मैदानावर नवशिक्या शिपायाच्या गोळ्या एकसारख्या डावीकडे पडूं लागल्या, कीं दोष त्याच्या हाताला दिला जातो. पुष्कळदां तो असतोहि हाताचाच. परंतु कधीं कधीं हात निर्दोष असून नळीच्या तोंडाशीं बसविलेली इवलीशी माशी अपराधी असते. शिपाई मग निशाणाच्या उजवीकडे नेम धरून वेळ मारून नेतो. पण तीच रायफल उद्यां दुसऱ्याच्या हातीं गेली, तर त्याला ही गोष्ट कोण सांगणार?

१९०७ सालीं निघालेली, बंगालमधील ईशापूर येथें पुढें वर्षानुवर्षें तयार झालेली आणि हिंदी शिपायांनीं दोन्ही महायुद्धांत वापरलेली ली-एन्फील्ड रायफल येथें उदाहरणादाखल घेतां येईल. तिची माशी म्हणजे आडव्या खोबणींत बसविलेलें लहानसें पोलादी पातें. मागच्या खाचेच्या बरोबर मध्यें, तिच्या काठांशीं समपातळींत हें पातें दिसलें, म्हणजे नेम जुळला.

दुरुस्तीपूर्वीं निदान हवें. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच बिंदूवर पांच गोळ्या झाडाव्या. छिद्रें चहूंकडे विखुरलीं, तर माशीला हात लावूं नये. दोष नेमबाजाचा, सैल स्क्रूचा किंवा लाकडी साजाचा असूं शकतो. छिद्रें जवळजवळ पण बिंदूपासून एका बाजूला पडलीं, आणि दुसऱ्या कुशल नेमबाजालाहि तोच अनुभव आला, तरच माशीवर संशय घ्यावा. माशीच्या रक्षणासाठीं दोहों बाजूंस असलेल्या पोलादी कानांपैकीं एखाद्यालाच माशी समजून नवशिके नेम धरतात, हेंहि विसरूं नये.

नियम सोपा आहे : गोळी जिकडे चुकते, तिकडेच माशी सरकवावी. प्रथम हें उलटें वाटतें. परंतु माशी डावीकडे सरकविली, म्हणजे तिला पुन्हां खाचेच्या मध्यें आणण्यासाठीं नळीचें तोंड उजवीकडे वळवावें लागतें, आणि गोळीहि उजवीकडे जाते. त्याचप्रमाणें गोळी वर जात असेल तर उंच पातें, खालीं जात असेल तर ठेंगणें.

किती सरकवावें, हें गणितानें ठरतें. या रायफलींत खाच व माशी यांमधील अंतर सुमारें साडेएकोणीस इंच असतें. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच, अर्थात् त्याच्या सुमारें १८५ पट. म्हणून गोळ्या ६ इंच डावीकडे पडत असल्यास माशी केवळ ०.०३२ इंच सरकवावयाची. उंचीचीं पातीं ०.०१५ इंचाच्या फरकानें मिळतात. एका पायरीनें गोळी सुमारें पावणेतीन इंच वरखालीं होते.

काम आर्मररनेंच करावें. आधीं नळी व मॅगझिन रिकामीं असल्याची खात्री करावी, मूळ जागीं पेन्सिलीची खूण करावी, आणि हातोडी न मारतां स्क्रूच्या शिकंज्यानें पातें हळूहळू ढकलावें. कानस शेवटचा उपाय, कारण घासलेलें पातें पुन्हां वाढत नाहीं. नंतर पुन्हां पांच गोळ्या झाडून परीक्षा घ्यावी.

एवढ्या दुरुस्तीनें शिपायावरचा खोटा ठपका जातो, आणि बंदूक कोणाच्याहि हातीं गेली तरी तिच्यावर विश्वास ठेवतां येतो.