शाहिदुल आलम
शाहिदुल आलम (जन्म : १९५५, ढाका) हे बांगलादेशी छायाचित्रकार, शिक्षक व मानवाधिकार कार्यकर्ते आहेत. लंडन विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते १९८४ मध्ये मायदेशी परतले. पूर आणि दारिद्र्य एवढीच बांगलादेशाची ओळख जगापुढे राहू नये, यासाठी कॅमेरा स्थानिकांच्या हाती हवा, अशी त्यांची भूमिका आहे. त्यातूनच त्यांनी ढाक्यात ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था (१९८९) आणि ‘पाठशाला’ हे छायाचित्रण विद्यालय (१९९८) स्थापन केले. न्यायबाह्य हत्यांवरील त्यांचे ‘क्रॉसफायर’ हे प्रदर्शन २०१० मध्ये पोलिसांनी रोखले. ऑगस्ट २०१८ मध्ये, विद्यार्थ्यांच्या रस्तासुरक्षा आंदोलनाविषयी अल जझीरा वाहिनीला मुलाखत दिल्यानंतर त्यांना अटक झाली. शंभराहून अधिक दिवसांच्या कारावासानंतर त्यांची जामिनावर सुटका झाली.