सुरतेची गावे आणि आफ्रिकेचा ध्वज

सुरतेजवळील खोलवड आणि लाजपोर या गावांतील अनेक कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापारासाठी दक्षिण आफ्रिकेत गेली. डॉ. युसुफ दादू यांचे घराणे खोलवडचे, अहमद कथराडा यांचे लाजपोरचे. त्या देशाच्या जुन्या ध्वजाचा वाद या गावांच्या बाजूने पाहण्यासारखा आहे.

नारिंगी, पांढरा व निळा असे तीन आडवे पट्टे आणि मधोमध तीन चिमुकले ध्वज: ब्रिटनचा, ऑरेंज फ्री स्टेटचा व ट्रान्सवालचा. 1928 साली स्वीकारलेला हा ध्वज इंग्रज व बोअर यांच्या समेटाची खूण मानला गेला. 1994 मध्ये तो उतरला, तरी काही गोऱ्यांनी तो जपला. वर्णभेदी राजवट 1948 ची आणि ध्वज वीस वर्षे आधीचा; म्हणून तो केवळ पूर्वजांचा वारसा, असे त्यांचे म्हणणे.

तारखा बिनचूक आहेत. निष्कर्ष मात्र टिकत नाही. ट्रान्सवालने 1885 मध्येच हिंदी लोकांना नागरिकत्व नाकारले व नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीनजुमला घेण्यास बंदी केली. फ्री स्टेटने 1891 मध्ये त्यांना वास्तव्यच निषिद्ध केले. ती बंदी 1986 पर्यंत टिकली! ब्रिटिश नाताळच्या 1897 च्या परवाना कायद्याने हिंदी व्यापाऱ्यांची कोंडी केली. सुरती दुकानदाराला तिन्ही ध्वज चांगले ठाऊक होते. समेट झाला तो गोऱ्यागोऱ्यांत. बहुसंख्य आफ्रिकी जनता त्यात कोठेच नव्हती.

तथापि वर्णाचा अहंकार एकट्या गोऱ्यांचा नव्हता. आपणांस आफ्रिकींच्या पंक्तीस बसवू नये, अशी आरंभीच्या हिंदी व्यापाऱ्यांचीही मागणी असे. हा दुरावा मोडण्याचे श्रेय पुढच्या पिढीला जाते. 1947 मध्ये डॉ. दादू, डॉ. नायकर व डॉ. झुमा यांनी हिंदी आणि आफ्रिकी संघटनांच्या सहकार्याचा करार केला.

जुना ध्वज निष्कारण मिरविणे ही द्वेषोक्ती होय, असा निर्णय 2019 मध्ये तेथील समता न्यायालयाने दिला. अभ्यास, कला व वृत्तपत्रव्यवसाय यांना सवलत ठेवली. 2023 मध्ये अपील न्यायालयानेही त्याविरुद्धचे अपील फेटाळले. कथराडा 2017 मध्येच निवर्तले होते. त्यांचा जन्म 1929 चा, म्हणजे ध्वजानंतर एका वर्षाचा. त्यांच्या गावातील गोऱ्यांच्या व आफ्रिकींच्या शाळांत त्यांना प्रवेश नव्हता. शिकण्यासाठी आठव्या वर्षी त्यांना घर सोडून जोहान्सबर्गला जावे लागले.