विश्लेषण : अमेरिकेत गणपती कधी एक दिवस आधी, तर कधी चक्क शनिवारी का?

फोंडाघाट : गेल्या काही वर्षांत कणकवली तालुक्यातल्या अनेक घरांत चतुर्थीच्या आदल्या रात्री एक गमतीशीर प्रकार घडतो. इथे माटवीला कवंडाळं आणि कळलावी बांधायचे काम सुरू असते, मूर्ती अजून झाकलेली असते आणि तेवढ्यात अमेरिकेतल्या मुलाचा व्हिडीओ कॉल येतो. त्याच्याकडे गणपती बसलेला असतो, आरतीही होऊन गेलेली असते. ‘हेंका तारीख चुकली काय?’ असा प्रश्न मग घरातल्या मोठ्यांना पडतो. तारीख चुकलेली नसते.

पंचांग तेच, मग दिवस वेगळा कसा?

तिथी ही तारखेसारखी मध्यरात्री बदलत नाही. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. हे अंतर ३६ ते ४८ अंशांदरम्यान असते तो काळ म्हणजे शुक्ल चतुर्थी. हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, घड्याळे मात्र वेगळी असतात. गणेश चतुर्थीचा नियम असा की ज्या दिवशी स्थानिक मध्यान्हकाळी चतुर्थी असेल, त्या दिवशी पूजा.

२०२५ चे उदाहरण पाहू. भारतीय वेळेनुसार चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी १.५४ वाजता लागली आणि २७ ला दुपारी ३.४४ वाजता संपली. म्हणजे आपल्याकडे २७ च्या मध्यान्ही चतुर्थी होती. अमेरिकेच्या पूर्वेकडील घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे चतुर्थी २६ च्या पहाटे ४.२४ ला लागली आणि २७ च्या सकाळी ६.१४ ला संपली. तिथली मध्यान्ह २६ तारखेलाच सापडली. २०२४ मध्येही असेच झाले : आपल्याकडे शनिवार, ७ सप्टेंबर, तिथे शुक्रवार, ६ सप्टेंबर.

मग शनिवारचा गणपती कोणता?

तो मंडळाचा. घरच्या पूजेला पंचांग लागते, मंडळाच्या गणपतीला सुट्टी लागते. मिशिगन राज्यातले ग्रँड रॅपिड्स हे शहर घ्या. लोकसंख्या जेमतेम दोन लाख. एकेकाळी फर्निचरसाठी देशभर नावाजलेले, हिवाळ्यात लेक मिशिगनवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे बर्फात बुडणारे. न्यूयॉर्क, शिकागोसारखी मराठी वस्ती इथे नाही. तरी १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे उत्तर अमेरिकेतले अधिवेशन २०१७ च्या जुलैमध्ये याच शहरात भरले होते.

अशा मध्यम आकाराच्या शहरांत मराठी कुटुंबे एकमेकांपासून गाडीने अर्धा-पाऊण तास अंतरावर राहतात. शेजारच्या वाडीतून टाळ-मृदंग घेऊन कोणी चालत येण्याचा प्रश्नच नाही. मग शाळेचे किंवा एखाद्या सामुदायिक केंद्राचे सभागृह काही तासांसाठी भाड्याने घ्यायचे, जेवणाची नोंदणी आधी करायची, कापूर-उदबत्तीने धुराची घंटा वाजणार नाही ना हे पाहायचे. विसर्जन बहुतेकदा टबात, कारण नदी-तलावात मूर्ती सोडायला स्थानिक नियम आडवे येतात. आपल्याकडेही शाडूच्या मूर्तीचे घरच्या बादलीत विसर्जन करा, असे आता सांगितले जातेच.

कोकणात नेमके उलटे घडते. इथे सुट्टी गणपतीच्या मागे धावते. कोकण रेल्वे विशेष गाड्या सोडते, चाकरमानी वर्षाची रजा राखून ठेवतो आणि मुंबईतली कामे तोवर थांबतात. अमेरिकेत गणपतीला नोकरीच्या वेळापत्रकात जागा शोधावी लागते.

‘वेगळा’ गणपती चालतो का?

सिंधुदुर्गातल्या घरांत हा प्रश्न नाजूक आहे. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती बऱ्याचदा मूळ घरात एकच असतो. त्यामुळे परदेशातल्या मुलाने मूर्ती आणायची म्हटली की ‘आपलो गणपती घराकडे आसा, थंय दुसरो कित्याक?’ हे ऐकावे लागते. काहींनी यातून वाट काढली आहे : घराण्याचा गणपती गावात, अमेरिकेत मुलांनी मातीचा केलेला छोटा, दीड दिवसाचा. काही जण फक्त मंडळात जातात. धर्मशास्त्र काय म्हणते हा वेगळा विषय. माझ्या मते घरच्यांना खरी भीती दुसऱ्या मूर्तीची नसते, मुलगा आता येणारच नाही याची असते.

सण टिकला तर भाषाही टिकेल?

याचे एक उत्तर ग्रँड रॅपिड्सच्या शेजारीच आहे. तिथून सुमारे ५० किलोमीटरवर हॉलंड नावाचे गाव आहे. १८४७ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या धार्मिक स्थलांतरितांनी ते वसवले. या भागातल्या चर्चमध्ये पहिल्या महायुद्धापर्यंत डच भाषेत प्रार्थना चालत. युद्धकाळात परक्या भाषांविषयी संशय वाढला, नवी पिढी इंग्रजीत शिकली आणि डच मागे पडली. सण मात्र राहिला, नव्हे, नंतर उभा केला गेला. १९२९ पासून तिथे ट्युलिप महोत्सव होतो. लाकडी बूट घालून मुली रस्त्यावर नाचतात, १९६४ मध्ये नेदरलँड्सहून आणलेली पवनचक्की पाहायला गर्दी होते. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना डच बोलता येत नाही.

मराठी मंडळींकडे विमान आहे, व्हिडीओ कॉल आहे, त्यामुळे तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. अनेक शहरांत सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांच्यासाठी अभ्यासक्रम आखला आहे. पण तो प्रमाण मराठीचा आहे. तिथे ‘आपण कसे आहात?’ शिकलेल्या नातवाला फोंडाघाटची आजी फोनवर ‘जेवलंस काय रे? खंय गेल्लंस?’ विचारते, तेव्हा तो आईकडे बघतो. मालवणी कोणत्याच अभ्यासक्रमात नसते. ती भजन संपल्यावर ओटीवर, उसळ-पाव खाताना, मोठ्यांच्या गजालींत बसून कानावर पडते. भाड्याच्या सभागृहात ती बैठक होत नाही, कारण ठरलेल्या वेळी दिवे बंद करून किल्ली परत द्यायची असते.

२०२६ मध्ये मात्र दिवसाचा घोळ नाही. चतुर्थी दोन्हीकडे सोमवारी, १४ सप्टेंबरलाच आहे. आपल्याकडची दुपारी बाराची आरती तिथे रात्री अडीचला पोहोचेल. सायंकाळी साडेसातची आरती दाखवायची म्हटली तर तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतील, आणि त्या दिवशी शाळा आहे.